मुकी झालेली बटणं

मी तोंडाळ आहे, पेणच्या रामवाडीत कुणालाही विचारा. माझ्या कॉम्प्युटर क्लासात मी पोरांना शिकवायला लागले की आवाज हायवेपर्यंत जातो, असं शेजारचा सलूनवाला म्हणतो. माझा मोठा भाऊ माझ्या अगदी उलट. तो रोह्याला राहतो आणि त्याला दिसत नाही.

दादा तिथल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. सेकंड शिफ्टला पाइपचा जोड सुटला, ॲसिड तोंडावर उडालं आणि डोळे गेले. कंपनीने चौकशी लावली. साहेब लोक बसले, चहा प्यायले आणि लिहून मोकळे झाले : ऑपरेटरची चूक. तो जोड गळतोय हे दादानेच आधी सुपरवायझरला सांगितलं होतं, पण ते कागदावर आलंच नाही. मला वाटलं, हा आता भांडेल. कसला भांडतोय! काही महिन्यांनी तोच म्हणायला लागला, "माजंच ध्यान नसंल गो." त्या दिवशी मला इतका संताप आला की वहिनीने वाढलेलं ताट तसंच टाकून मी पेणची एसटी धरली.

घरात बसून बसून दादा बोलेनासा झाला. मग मी क्लासातला एक जुना लॅपटॉप त्याच्याकडे नेला. त्यात सगळे मोफतचे प्रोग्राम भरले. जगभरची माणसं आपली कामंधामं सांभाळून असले प्रोग्राम लिहितात, आतला कोड उघडा ठेवतात आणि कुणालाही वापरू देतात. त्यातच एक 'वाचक' प्रोग्राम होता. पडद्यावर जे असेल ते तो मराठीत बोलून दाखवायचा. आवाज नाकातला, रडका. दादाने पहिल्यांदा ऐकला आणि म्हणाला, "ह्यो तुज्या सासऱ्यासारका बोलतो." किती दिवसांनी हसला होता तो! वहिनी स्वयंपाकघरात डोळे पुसत होती.

लिहायचा प्रोग्राम एकाने केलेला, गाणी ऐकायचा दुसऱ्याने, मेलचा तिसऱ्याने. पण त्यांची बटणं, मेनू, चौकटी हे सगळं एकाच सामायिक संचातून येतं. टूलकिट म्हणतात त्याला. आमच्या पेणच्या गणपती कारखान्यांत एका साच्यातून पुष्कळ मूर्ती निघतात, रंग तेवढे वेगळे, तसंच हे. त्यामुळे दादा एक प्रोग्राम शिकला आणि बाकीचे त्याला आपोआप यायला लागले. टॅबची कळ दाबत एकेका बटणावर जायचं, आवाज त्या बटणाचं नाव सांगायचा. "जतन करा, बटण." "बंद करा, बटण." पुढे तर तो मलाच मेल पाठवायला लागला. पहिल्या मेलमध्ये एवढंच होतं : फोनवर कमी बोलत जा.

मग कंपनीतून निरोप आला. शिफ्टचे रिपोर्ट आता आवाजात रेकॉर्ड होतात, ते ऐकून टाइप करायला ऑफिसात माणूस हवाय. ट्रायल घेऊ, जमलं तर ठेवू. दादाने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा श्वास ऐकू येत होता. पगाराचं नाव त्याने एकदाही काढलं नाही. त्याला सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचं होतं, गेटवर कार्ड पंच करायचं होतं. महिनाभर तो दुसरं काही बोललाच नाही.

ट्रायलच्या आदल्या दिवशी लॅपटॉपने विचारलं, प्रोग्रामांची नवीन आवृत्ती आली आहे, बसवायची का? दादाने मोठ्या ऐटीत "होय" दाबलं. नव्या आवृत्तीत टूलकिटही नवं होतं आणि बटणांची नावं वाचकाला कळवायचं त्यातलं काम अर्धवट राहिलं होतं. साचाच बिघडला म्हटल्यावर राहतंय काय? लिहायच्या प्रोग्राममध्ये टॅब दाबला की आवाज म्हणे, "बटण." पुढे, "बटण." गाण्यांच्या प्रोग्राममध्येही तेच. कुठलं बटण कशाचं, काही पत्ता नाही.

त्याने मला फोन केला नाही. हे मला आजही पचत नाही. मी पेणला बसून दोन मिनिटांत ओळखलं असतं. पण त्याला वाटलं, आपलाच हात चुकतोय. वहिनीने मागाहून सांगितलं, संध्याकाळभर टॅब दाबत होते, "मीच काय तरी इसरतोय" म्हणत होते, जेवायलाही उठले नाहीत.

सकाळी पहिल्या एसटीने रोह्याला येऊन मी त्याला रिक्षाने कंपनीत घेऊन गेले. तो गप्प होता, मला वाटलं धास्तावलाय. साहेबांच्या केबिनमध्ये त्याने लॅपटॉप उघडला, बोटं जागेवर ठेवली, टॅब दाबला. "बटण." पुन्हा दाबला. "बटण." त्याच्या कपाळावर घाम आला. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मी उभी राहिले, म्हटलं, "साहेब, हे मशीनचं आहे, त्याचं नाही. मला दुपारपर्यंत वेळ द्या." साहेब वाईट नव्हते हो, अगदी मऊ बोलले. "राहू द्या ताई. प्रॅक्टिस कमी पडली असेल. सॉरी. आम्ही कळवतो." मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच म्हणाला, "व्हय साहेब. कमी पडली प्रॅक्टिस."

त्याच संध्याकाळी मी जुनी आवृत्ती परत बसवली. सगळी बटणं नाव घेऊन बोलायला लागली. मी दादाला हाका मारल्या. "ऱ्हाउंदे गो," एवढंच बोलून तो कूस बदलून पडून राहिला. कंपनीने काही कळवलं नाही. महिनाभरात तिथे दुसरा माणूस बसला.

त्या टूलकिटच्या चुका कळवायची जागा इंटरनेटवर असते. तिथे मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं. ॲसिड, ट्रायल, घाम, सगळं. उलट काही आलं तर काय काय ऐकवायचं हेही ठरवून ठेवलं होतं. काही दिवसांनी उत्तर आलं. कुठल्या लांबच्या देशातला माणूस, नोकरी सांभाळून एकटाच हा भाग बघणारा. त्याने लिहिलं होतं : चूक आमची आहे. नवीन आवृत्ती देण्याआधी वाचकावर तपासायला हवं होतं, आम्ही तपासलं नाही. तुमच्या भावाने काहीही चुकीचं केलं नाही. मला माफ करा. माझ्या सगळ्या शिव्या घशातच राहिल्या. चूक याची नाही, असं दादाबद्दल आजवर कुणी लिहून दिलंच नव्हतं. कधी एकदा त्याला ऐकवते असं झालं मला.

रविवारी रोह्याला गेले. दादा ओटीवर बसला होता. मी सगळं सावकाश, मराठीत सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"त्यानं असं लिवलंय?"

"व्हय."

"मराठीत?"

"इंग्रजीत. मी तुला मराठीत सांगतेय."

तो हसला. "मंग ते तूच सांगतेस. तुजा जीव हाय माज्यावर, म्हनून सांगतेस."

"अरे देवाशपथ! मी मराठीत टाइप करते, मशीनकडून ऐक."

"तू टाइप केलेलंच वाचंल ना ते?"

मी लॅपटॉप आणला आणि मूळ इंग्रजीच वाचायला लावलं. नाकातला आवाज घडाघडा वाचत गेला. दादाची इंग्रजी कंपनीतल्या पाट्यांपुरती. त्याला त्यातलं एक 'सॉरी' तेवढं कळलं.

"सॉरी तर साहेब पन बोलले व्हते," तो म्हणाला.

मला रडू फुटलं. मी, जिच्यापुढे कुणाचं चालत नाही, ती त्याच्यापुढे एक शब्द खरा करून दाखवू शकत नव्हते. त्याने चाचपडत माझा हात धरला आणि मलाच समजवायला लागला.

"रडू नको गो बाय. मानसाकडनं चूक व्हते. माज्याकडनं दोनदा झाली."