साठेची बिअर, मधुराची खुर्ची

साठे गेला. झोपेत, जराही आवाज न करता.

बहरीनमध्ये त्याच्या शेजारी राहिलेल्या कोणालाही हे खरं वाटणार नाही.

बरेच महिने अंथरुणाला खिळून होता. सुटला बिचारा. डोळ्यांत पाणी आहे, पण त्याहून जास्त हायसं वाटतंय. खोटं कशाला बोलू?

नव्वदच्या दशकात आम्ही मनामात, नईम भागात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. साठे पुण्याचा, एसी इंजिनियर. मोठमोठ्या हॉटेलांचे चिलर सांभाळायचा. आणि घरी बिअर करायचा.

कारण रमझानमध्ये बार आणि दारूची दुकानं महिनाभर बंद. बाकीचे गप्प बसायचे. साठेला गप्प बसणं जमायचं नाही.

कृती म्हणे एकदम सोपी. खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे तिथल्या वाण्याकडून, बिनदारूचं माल्ट ड्रिंक आणायचं, साखर आणि पावाचं यीस्ट घालून ड्रममध्ये आंबवायचं, मग बाटल्यांत भरायचं.

पहिला ड्रम सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून आणलेला, ऑलिव्हच्या लोणच्याचा. ती बिअर वरणभाताबरोबर खपली असती.

दुसऱ्या वेळी टेंपरेचर बघायला त्याने घरातला तापाचा थर्मामीटर उकळत्या मिश्रणात बुडवला. फुटला. पारा आत. सगळं फेकून दिलं.

तिसऱ्या वेळी गॅस बाहेर पडायला सलाइनची नळी लावली. नळीत फेस अडकला आणि झाकण थेट छताला.

छतावरचा डाग बघून घरमालकाला "एसी गळतोय" असं सांगणारा एसी इंजिनियर मी तेवढा एकच पाहिला.

"साठ्या, आता बस कर."

"अरे, फेल्युअरशिवाय प्लँटचं कमिशनिंग होतं का कधी?"

चौथ्या वेळी सगळं सुरळीत पार पडलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

ज्यूसच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांत माल भरला, प्रत्येकीत मोजून चमचाभर साखर घातली, झाकणं घट्ट केली. घरात सगळ्यात थंड खोली त्याच्या मुलीची, मधुराची. म्हणून बाटल्या ठेवल्या तिच्या अभ्यासाच्या टेबलाखाली.

मधुरा दहावीला. बोर्ड तोंडावर. दिवसभर त्याच टेबलाशी.

रमझान चालू होता. शुक्रवारची संध्याकाळ. वहिनी बाहेर गेलेल्या, मी आणि साठे हॉलमध्ये पत्ते खेळत होतो.

बेल वाजली. आम्ही कोणी हललो नाही.

"मधू, बघ गं कोण आहे!"

"बाबा, आय अ‍ॅम स्टडीइंग!"

"ऊठ गं. मी पिसतोय."

पाय आपटत ती दाराशी गेली. समोरच्या फ्लॅटमधले इस्माईलभाई होते. मूळचे रत्नागिरीचे, बंदरावर कामाला. रोजा सोडायच्या थोडं आधी त्यांच्या घरून आमच्या मजल्यावर सगळ्यांकडे ताट जायचं. खजूर, समोसे, एखाद दिवशी सांदणं.

मधुराने ताट हातात घेतलं.

आणि आतून धडाम!

एक बाटली फुटली, तिने शेजारची फोडली, तिने तिच्या शेजारची.

साठे आत धावला. मी मागे.

टेबलाची फळी उखडलेली. पुस्तकं भिजलेली. आणि खुर्चीत, बरोबर माणूस बसतो तिथे, काचा रुतलेल्या. बोटभर लांब.

साठे त्या खुर्चीकडे बघत राहिला. मग एक काच ओढून बघितली. निघेना.

"कोनाला लागला तर नाय ना?" दारातून इस्माईलभाई विचारत होते. तोवर वास जिन्यापर्यंत गेला होता. रमझानमध्ये, बिअरचा! कोणी तक्रार केली असती तर व्हिसा खलास, परीक्षेआधीच सगळं कुटुंब विमानात.

वॉचमन वर आला. "क्या हुआ?"

"कुछ नहीं. बोतल टूटा. खलास, जाओ," इस्माईलभाई म्हणाले.

बोलले ते खरंच होतं. कसली बाटली, हे वॉचमनने विचारलं नाही.

मग ते आमच्याकडे वळले. "साठेभाऊ, पोरीला आमच्याकडं धाडा. बायको हाय घरात. मंग खिडक्या उघडा नि धुवून काढा समदा."

तेवढ्यात अजान झाली. मधुराच्या हातात ताट तसंच होतं. इस्माईलभाईंनी त्यातला एक खजूर घेऊन उभ्याउभ्या रोजा सोडला. दुसरा साठेच्या हातात दिला. तो मुठीत धरूनच साठे खिडक्या उघडायला गेला.

बाटल्या का फुटल्या ते कळलं वहिनी आल्यावर. भरायच्या आधी त्यांनी ड्रममधली बिअर चाखली होती.

"कडूजहर लागत होती हो. म्हणून गूळ घातला. आमटीत घालते तसा... जरा सढळ."

वर साठेची प्रत्येक बाटलीत साखर. जितकं गोड, तितका गॅस. एसी इंजिनियरने सगळा हिशोब केला होता, बायको पुण्याची आहे हे सोडून.

मला वाटलं आता भडका उडणार. पण साठे वहिनींचा हात धरून लहान मुलासारखा रडला. मीही रडलो.

ड्रम दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेला. मधुरा दहावी पास झाली, पुढे शिकली, संसाराला लागली. साठे त्या संध्याकाळबद्दल पुन्हा कधीच बोलला नाही. आम्ही मस्करीत विषय काढला तर उठून जायचा.

गेल्या आठवड्यात भेटायला गेलो तेव्हा त्याला कशाचं भान नव्हतं. मला ओळखलंही नाही. मध्येच दचकायचा, उठायला बघायचा.

"मधू उठली का? खुर्चीवरून उठली का ती?"

इतकी वर्षं हे आत घेऊन फिरत होता माणूस.

मधुरा उशाशीच बसली होती. कपाळावर हात ठेवून म्हणायची, "उठले, बाबा. तुम्हीच उठवलंत मला."

एवढं ऐकलं की तो शांत व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आणि ती पुन्हा तितक्याच प्रेमाने तेच सांगायची.

आज सकाळी तिनेच अग्नी दिला.

निवांत जा, साठे. पोर सुखरूप आहे.