निघतो म्हणालो, आणि निघावं लागलं

परदेशातून परत पाठवलेला आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस. आधीच्या पिढ्यांची वागणूक फार चांगली होती असं नाही; त्या बडनेऱ्याच्या पलीकडे गेल्याच नव्हत्या!

मी बडनेरा स्टेशनावर तीस वर्षं पार्सल-बाबू होतो. संत्र्याच्या पेट्यांवर पत्ते चिकटवले आणि मुदतीत माल उचलला नाही म्हणून भल्याभल्यांना दंड ठोकले. पेन्शन सुरू झाली आणि त्याच वर्षी बायको गेली. अमरावतीच्या दोन खोल्यांत मग मी आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच उरलो. घड्याळ निदान तासातासाला काहीतरी बोलायचं. माझा दिवसच्या दिवस मुक्यानं जायचा. एकदा दुपारी शेजारच्या बळीराम माळ्यानं हाक मारली, तर 'ओ' देताना घशातून आवाजच फुटेना! त्या दिवशी मी खरोखर घाबरलो.

माझा एकुलता एक मुलगा वसंता आफ्रिकेत, मोंबाशाला, तिकडच्या रेल्वेत. त्याचं पत्र आलं, "बाबा, इकडेच या. कायमचे." मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. ठरलं! उरलेले दिवस मुलाजवळ काढायचे.

निरोप असा घेतला की परतीला तोंड राहू नये. दोन्ही खोल्या सोडल्या. खाट बळीरामला दिली, पितळी घंगाळ त्याच्या बायकोला, घड्याळही त्यांनाच. (ते त्यांच्या घरी जाताच दोन ठोके जास्त देऊ लागलं. कृतघ्न!) मग अकोल्याला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, दोन दिवसांसाठी जेवायला गेलो आणि बावीस दिवस राहिलो.

त्याला इलाज नव्हता. आमच्या वऱ्हाडात पाहुणा 'निघतो' म्हणतो ते निघायला नव्हे, थांबवून घ्यायला. तीनदा तो उठतो, तीनदा घरवाले त्याच्या चपला लपवतात, आणि चौथ्यांदा कुठं तो उंबरठा ओलांडतो. पहिल्याच 'निघतो'ला यजमान 'बरं' म्हणाला, तर पुढची तीन लग्नं आमंत्रणाशिवाय होतात! आणि पाहुण्यानं आपल्या तोंडानं 'राहू का?' विचारणं? त्यापेक्षा विहीर बरी. हे सगळं शिक्षण घेऊन मी आगबोटीत चढलो. मोंबाशाच्या धक्क्यावर जकातवाल्यांनी माझं लोणचं काढून घेतलं. हे शिक्षण मात्र कोणीच काढून घेतलं नाही.

मला राहायचा परवाना तीन महिन्यांचा मिळाला. मुदतीचे आठ दिवस उरले असताना वसंता महिनाभर लांबच्या स्टेशनावर ड्युटीला निघाला, तेव्हा त्यानं एक छापील अर्ज माझ्या हातात दिला.

"बाबा, मुदत संपायच्या आत सही करून हा परवान्याच्या साहेबाच्या कचेरीत द्या. मग कायमचं राहता येईल. विसरू नका."

"अरे, मुदती कोणाला शिकवतोस? तीस वर्षं दंड केलेत मी!"

तो गेल्यावर अर्ज वाचला. 'मला येथे राहू द्यावे ही विनंती.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. विनंती! मी करायची! म्हणजे पाहुण्यानं स्वतःच ताट मागायचं? मी अर्ज ट्रंकेत तळाशी ठेवला. म्हटलं, साहेब खानदानी असेल तर आपणहून निरोप धाडील, की बाबूजी, एवढ्यात काय जाता!

मुदत संपली. साहेबाचा निरोप नाही. आणखी वीस दिवस गेले. तिकडेही मी एकटाच होतो, पण त्या एकटेपणाला शेवट होता. वसंता परत येणार होता. त्याच्या खोलीत त्याचे बूट पाहिले तरी बरं वाटायचं. मग मी विचार केला, साहेबाला संधीच मिळाली नसेल. आपण 'निघतो' म्हटल्याशिवाय बिचारा 'थांबा' कसा म्हणेल?

मी वळकटी बांधली, काखेत मारली आणि नारळ घेऊन कचेरीत दाखल झालो. अर्ज? अर्ज ट्रंकेतच!

"साहेब," मी माझ्या रेल्वेच्या इंग्रजीत म्हणालो, "फार दिवस झाले. निघतो म्हणतो."

साहेबानं माझा परवाना पाहिला. भुवया वर गेल्या. "मुदत उलटून वीस दिवस झालेत. कधी निघताय?"

(आता जोर लावला पाहिजे!) "उद्याच!"

"उत्तम," साहेब म्हणाला आणि धाडकन शिक्का मारला.

मी उभाच राहिलो. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. वळकटी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. शेवटी साहेबानं शिपायाकडून ती उचलून बाहेर ठेववली! आपण होऊन निघालो म्हणून शिक्षा माफ, पण कायमचं राहायचा अर्ज आता कधीच करता येणार नव्हता.

माझी तार मिळताच वसंता धावत आला तो थेट धक्क्यावर.

"बाबा, नुसता कागद द्यायचा होता."

"त्यानं एकदा तरी थांबा म्हणायचं होतं रे."

तो हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला. आगबोट सुटली. मी हात हलवत राहिलो. तो दिसेनासा झाल्यावरही.

मुंबईहून येताना बडनेऱ्याला उतरायची लाज वाटली, म्हणून आधीच अकोल्याला उतरलो.

"काहून रे दामू?" अक्का म्हणाली. "तू तं कायमचा गेलता ना?"

"तुझी आठवण आली."

"आठवणीपायी समुद्र ओलांडून आला? बाप्पा! बरं, राहाय आता."

अक्का रोज 'राहाय' म्हणायची. अकराव्या दिवशी तिच्या सुनेनं माझ्या चपला पुसून दारात सरळ मांडून ठेवल्या. मी गाडी धरली.

अमरावतीला बळीराम माझ्याच खाटेवर मोगऱ्याचे गजरे ओवत बसला होता. माझ्या खोल्यांत त्याच्या भाजीच्या टोपल्या. त्याची बायको माझ्याच घंगाळातून पाय धुवायला पाणी घेऊन आली. घड्याळानं चार वाजता सहा ठोके दिले.

"या बाबूजी! आफ्रिकेतून पाहुणे आले!" बळीराम म्हणाला. "किती दिवसाचा मुक्काम हाय जी?"

जायला दुसरं घर नव्हतं, आणि 'राहू का?' हे शब्द तोंडातून निघत नव्हते. मी चहा संपवला, वळकटी उचलली आणि सवयीनं म्हणून गेलो, "निघतो आता."

म्हटलं आणि वळकटी तशीच धरून उभा राहिलो. हा 'बरं' म्हणाला तर?

"अवो, कुठी जाता? बसा ना जी. खाट तुमचीच हाय."

रीतीप्रमाणे मी अजून दोनदा उठायला हवं होतं. पण मी पटकन खाटेवर बसलो आणि चपला स्वतःच खाटेखाली लपवल्या!