रिकामा चौक

वाशिंदला आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारच्या भिंतीवर वारली चित्रं काढायला तानशाकडच्या पाड्यावरची एक मुलगी आली होती. माझ्याच वयाची असेल. कानात इअरफोन, हातात बांबूची काडी आणि शेजारी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. रेघ ओढताना ती श्वास रोखून धरायची, रेघ संपली की स्वतःशीच मान डोलवायची.

झाडं, मोर, तारपा वाजवणारा, सगळं झालं. मधे वारली लग्नघरात भिंतीवर काढतात तसा देवीचा चौक होता; त्याला तिने चारी बाजूंनी नक्षी काढली, आत मात्र काहीच नाही. सेक्रेटरी काका चिडले. "आत देवी काढ, नाहीतर दुसऱ्या विंगचं काम विसर." ती काडी पुसत राहिली.

ते गेल्यावर मी विचारलं, "देवी काढता येत नाही का तुला?"

"येते ना. पन घरात लग्न नाय तर तिला कशाला बोलवायची?" ती म्हणाली. "माझी आजी तांदूल वाटून चौक लिहायची. ती सांगायची, तुमी जागा ठेवा, लग्न निघालं का देवी आपली येते. आता आजी नाय, पन जागा मी ठेवते."

दुसऱ्या विंगचं काम तिला मिळालं नाही. ती पुन्हा दिसलीही नाही.

यंदा माझ्या ताईचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर भिंतीवरच्या त्या रिकाम्या चौकात देवी उभी होती. वॉचमन म्हणाला, बाहेरचं कोणीच आलेलं नाही. मी हळूच बोट लावलं. रंग अजून ओला होता, आणि बोटाला वाटलेल्या तांदळाचा वास येत होता.