अधूनमधून कोसळणारं मशीन

नायब सुभेदार वीरधवल मोहिते फौजेच्या सिग्नल्समधून निवृत्त होऊन मलकापूरला आले, तेव्हा त्यांनी पुढं काय करायचं हे त्यांच्याखेरीज बाकी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मेव्हणा जयराज तर जागाही बघून आला होता.

"दाजी, भरती अकॅडमी काढू. माण तालुक्यापासनं पोरं येत्यात. तुमी नुसती शिट्टी घिऊन हुबं ऱ्हावा."

"आख्खी नोकरी शिट्टीवर पळलो रं गड्या," वीरधवल म्हणाले, "आता दुसऱ्याला पळवायला जीव हुत न्हाई."

त्यांचा जीव गुंतला होता तो वेगळ्याच गोष्टीत. फौजेत बिघडलेले वायरलेस सेट उघडायचे आणि दोष हुडकायचा, हे त्यांचं काम. शेवटी शेवटी कॉम्प्युटर आले आणि प्रोग्राम लिहायचा नाद लागला. लेक साक्षी सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होती. तिनं एका सुट्टीत 'सोरेल' नावाची प्रोग्रामिंगची छोटी भाषा दाखवली. ती कुणा कंपनीची नव्हती. देशोदेशीची माणसं हौसेनं ती घडवत होती आणि तिचा सगळा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा असा खुला होता. वीरधवल त्यात शिरले ते बाहेर आलेच नाहीत. आधी माहितीपुस्तिकेतल्या चुका, मग बारीकसारीक दुरुस्त्या, मग थेट त्या भाषेच्या व्हर्च्युअल मशीनला हात.

"आवं, पन हे मशीन म्हंजे हाय तरी काय?" त्यांच्या बायकोनं, क्रांतीताईंनी, एकदा भाकरी थापता थापता विचारलं.

"कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर. खरा न्हाई, प्रोग्रामनं रचल्याला. सोरेलमधी लिवलेलं सगळं त्यावर चालतं. त्यात एक भाग हाय, तो मेमरीतला कचरा काढतो आणि उरलेलं सामान सरकवून नीट लावतो."

"व्हय? मग त्याला जरा आपल्या माळ्यावर बी पाठवा की."

या मशीनला त्या वर्षी एक विचित्र खोड लागली. प्रोग्राम छान चालायचा आणि मधेच कोसळायचा. पुन्हा चालवला की काही नाही. सोरेलच्या चर्चेच्या पानावर उत्तरांची रांग लागली. कुणी म्हणे तुमची मेमरी खराब, कुणी म्हणे कॉम्प्युटरच बदला. फिनलंडची आयनो कचऱ्याचा भाग सांभाळायची. ब्राझीलचा टियागो प्रोग्रामला वेग देणारा भाग सांभाळायचा. दोघं एकमेकांकडं बोट दाखवत.

वीरधवलांनी दोन दिवस कोड वाचला आणि फौजी इंग्रजीत लिहून टाकलं : दोष सापडला, कचऱ्याच्या भागातला नवा बदल काढून टाकावा. लिहिण्याचा रुबाबच असा की आयनोनं निमूटपणे आपली महिन्याभराची मेहनत मागं घेतली. दुसऱ्याच दिवशी मशीन पुन्हा कोसळलं. पूर्वीसारखंच.

वीरधवलांचं तोंड एवढंसं झालं. तोफ भलत्याच टेकडीवर डागली होती. दुपारी जेवण गेलं नाही.

"चूक झाली तर झाली म्हनायचं," क्रांतीताई म्हणाल्या. "त्यात काय पलटन बुडती?"

त्यांनी सगळ्यांसमोर, त्याच पानावर माफी मागितली. आयनोचं उत्तर आलं : माफी पोचली, आता शनिवारच्या व्हिडिओ मीटिंगला या आणि सोबत शोधा.

शनिवारी संध्याकाळी वीरधवल इस्त्रीचा शर्ट घालून बसले. तिकडं टियागोची सकाळ, आयनोची दुपार. दहा-बाराजण जमले आणि मासळीबाजार सुरू झाला. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा घुसे. वीरधवलांची पाळी आली. ते थोडक्यात बोलले आणि वायरलेसवर बोलणं संपल्याचं सांगायच्या सवयीनं शेवटी म्हणाले, "ओव्हर."

टियागो खो खो हसला. आयनो मात्र गंभीरपणे म्हणाली, "हे चांगलं आहे. ओव्हर म्हणेपर्यंत दुसऱ्यानं बोलायचं नाही."

झालं! पोरखेळ म्हणून सुरू झालं आणि कामाचं निघालं. टियागो एक गोष्ट पूर्वीही सांगू बघत होता, पण ती पहिल्यांदाच पुरती ऐकू आली : त्याचा वेगाचा भाग बंद ठेवला, तर मशीन कधीच कोसळत नाही.

वीरधवल पुढं सरकले. "सेटमधला सैल जोड सापडला नाही, की आम्ही सेट गदागदा हलवायचो. दोष लपून राहत नाही. कचरा अधूनमधून काढण्याऐवजी प्रत्येक पावलाला काढायला लावू. टियागोचा भाग चालू ठेवून. ओव्हर."

आयनोनं तिथल्या तिथं दोन ओळी बदलल्या. मशीन गोगलगायीसारखं सरपटू लागलं आणि थोड्याच वेळात कोसळलं. पुन्हा चालवलं, पुन्हा त्याच जागी! सगळे ओरडले, कुणालाही ओव्हर आठवलं नाही.

आता जागा हाती आली होती. आयनोचा भाग सामान सरकवत होता आणि टियागोचा भाग वेगाच्या नादात जुन्याच जागी हात घालत होता. भाडेकरू घर बदलून गेला आणि पोस्टमन जुनंच दार वाजवतोय, तसला प्रकार. सामान हललं की टियागोच्या भागाला नवा पत्ता कळवायचा, एवढंच राहिलं होतं. आयनो आणि टियागोनं ते मिळून लिहिलं, वीरधवलांनी रात्रंदिवस चालवून तपासलं. एकदाही पडलं नाही. आयनोचं काढलेलं कामही सन्मानानं परत बसलं.

नव्या आवृत्तीच्या आभारात तिघांची नावं आली. साक्षीनं सांगलीहून फोन करून ती वाचून दाखवली, आणि जयराजनं काही न कळता मित्रांत पेढे वाटले. "दाजींनी फिनलंडचं मशीन दुरुस्त केलं," असं तो अजून सांगतो.

शनिवारची मीटिंग आता वीरधवलच चालवतात. परवा क्रांतीताई चहा ठेवायला आल्या आणि पडद्यात सापडल्या. आयनोनं हात हलवला. ताईंनी पदर सावरून विचारलं, "बाई, जेवलीस का?" वीरधवलांनी भाषांतर केलं. तिथं नुकतीच दुपार झाली होती. आयनोनं हसत आपल्या हातातला पाव दाखवला.

"एवढ्यावर भागतं व्हय हिचं?" ताई नवऱ्याकडं वळून म्हणाल्या. "पत्ता घिऊन ठेवा. शेंगदाण्याची चटणी धाडू."