तलावाकडची रिकामी वाट

मी सायकल शिकले ती चाळिशी उलटल्यावर. शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, आणि चालायचा मला पहिल्यापासून कंटाळा. नवऱ्याने गिअरची सायकल आणून दारात उभी केली. केजमध्ये शाळेत शिकवणारी बाई हेल्मेट घालून, ट्रॅक पँट चढवून सायकलवर निघते म्हटल्यावर गावाची चांगलीच करमणूक झाली. एका ओळखीच्या जीपवाल्याने तर गाडी थांबवून विचारलं, "बाई, स्कूटी बंद पडली का? बसा मागं, सायकल टाकू टपावर." मी नको म्हणाले, तर त्याला माझी दयाच आली.

पण दिवाळीनंतर मोठ्या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. उसाचे ट्रॅक्टर, त्यांना दोन-दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरच्या कानाशी ठणाणा गाणी. एकदा अशाच एका ट्रॉलीने मला कडेच्या चारीत घातलं. गुडघे फुटले. तेव्हापासून मी आडवाटा शोधायला लागले आणि त्याचं मला वेडच लागलं. जिथे फटफटीसुद्धा येत नाही अशी वाट सापडली की मला सोनं सापडल्यासारखं व्हायचं.

त्यातली सगळ्यात देखणी वाट एका लहानशा गावाच्या मागून जाते. घरं संपली की गाडीवाट, दोन्ही बाजूंना वेड्या बाभळी. मग पाझर तलाव. त्याच्या भिंतीवरून सायकल नेता येते. पाण्यात बगळे, काठावर टिटव्या, नशीब असेल तर पाण्यावर आलेली हरणं. पलीकडे वनखात्याने लावलेलं जंगल सुरू होतं, सीताफळं, कडुनिंब, मधूनमधून पळस. तिथून चढून वर पठारावर आलं की आडवाटेनेच लिंबागणेशच्या दिशेला लागता येतं. एकही गाडी आडवी येत नाही.

बीडच्या आमच्या सायकल ग्रुपमध्ये डॉक्टर आहेत, वकील आहेत, प्राध्यापक आहेत. मी त्यांना या वाटेचे फोटो पाठवले आणि लिहिलं, 'तळं, जंगल आणि शांतता. ट्रॅफिक शून्य. पहाटे या.' धडाधड अंगठे आले, फुलं आली. 'मॅडम, तुम्ही तर खजिनाच काढलात,' असं कुणीतरी लिहिलं. मी फुगले.

त्या वाटेवर पहाटे बायका असतात, हे मी लिहिलं नाही.

मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाभळीच्या आडून एक बाई उठून उभी राहिली, मग दुसरी, मग पुढे आणखी दोघी. हातात टमरेल, पाठ माझ्याकडे, पदर तोंडावर. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझा जन्म असल्याच गावातला. परसाकडे बसलेलं असताना पुरुष दिसला, गाडी दिसली की उठून उभं राहायचं, पाठ फिरवायची, तो गेला की पुन्हा बसायचं. "उठा गं, आला कुणीतरी," असं माझी चुलती दबक्या आवाजात म्हणायची आणि आम्ही सगळ्या पोरी परकर सावरत उठायचो. तेव्हा फटफटी लांबून ऐकू यायची, सावरायला वेळ मिळायचा. सायकलचा आवाजच येत नाही. ती एकदम समोर उभी राहते.

मी बाई आहे, मला बघून त्यांनी कशाला लाजायचं, असं मी मनाशी म्हटलं. पण हेल्मेट, जॅकेट, डोळ्यांवर येणारा दिवा. त्यांच्या लेखी मी गडीच. थांबून एवढं सांगता आलं असतं. थांबले नाही. थांबलं की त्या विषयावर बोलावं लागलं असतं. मी मान सरळ ठेवून तलावाकडे बघत निघून जायचे. आपण बघितलं नाही म्हणजे समोरच्याला त्रास झाला नाही, अशी सोयीची समजूत करून घेतली होती.

मग एका रविवारी सगळा ग्रुप आला. मी पुढे, बाकीचे मागे, आणि सायकलवाले काही एका घोळक्याने जात नाहीत. कुणी पुढे, कुणी मागे, कुणी फोटोला थांबलेला. मी वळणावर मागे बघितलं. बायका उठत होत्या, बसत होत्या, तेवढ्यात पुढचा येत होता, की पुन्हा उठत होत्या. एक म्हातारी बाभळीची फांदी धरून गुडघे सरळ करत होती. तिचं उठणं होईपर्यंत तिच्यासमोरून दोघं गेले होते.

पुण्याहून बदलून आलेले एक बँकेतले साहेब आमच्यात आहेत. चांगले, हसरे गृहस्थ. तलावाच्या भिंतीवर आल्यावर पाण्याची बाटली उघडत ते मला म्हणाले, "काय संस्कार आहेत हो खेड्यातले! आपण जाताना सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी सगळ्यांना नमस्कार केला."

दोघे-तिघे खाली बघायला लागले. त्यांना ठाऊक असावं. मी हसले. नुसती हसले नाही, "आमच्याकडची माणसं फार मायाळू आहेत," असंही म्हणाले. ते वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढचे काही दिवस सायकलवर बसायचं मनच होईना. मग एका सुट्टीच्या दिवशी चांगलं ऊन पडल्यावर, साडी नेसून, सायकल हाताने ढकलत मी त्या गावात गेले. अर्ध्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. शेवटच्या घराच्या ओट्यावर तीच म्हातारी तूर पाखडत बसली होती. मी हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं, त्यावरून तिने ओळखलं.

"रोज पहाटं जाती ती सायकल तुमचीच व्हय?"

"हो मावशी. मीच."

"आगं माय! बाई हाय की ही!" तिने आत हाक मारली. "अगं, ती गडी न्हाई, बाई हाय! आन आमी कावून उठत होतो गं मग?" आणि ती तोंडाला पदर लावून इतकी हसली, की मलाही हसू आलं. मला वाटलं, मिटलं. मी केजला शिकवते, माहेर असंच एक गाव, असं सगळं मी भडाभडा सांगून टाकलं. ती तूर पाखडत ऐकत होती.

तेवढ्यात तिची सून चहा घेऊन आली. पोट पुढे आलेलं, बाकी अंगावर मांस नाही. गालफडं बसलेली. माझ्याकडे न बघता कप ठेवून ती उंबऱ्यापाशी टेकली. तिचा नवरा कर्नाटकात तोडीला गेला होता, हिला दिवस गेलेले म्हणून या वर्षी मागे ठेवली होती.

"हिला सांगा काहीतरी," म्हातारी म्हणाली. "तुमी शिकलेल्या हाईत. रातची जेवतच न्हाई ही. दुपारी भाकर खाती, मग पाणीसुदिक पीत न्हाई."

"का गं?"

 सासूच बोलली. "सकाळच्याला जावंच लागू ने म्हणून. ती तुमची रांग गेली का न्हाई, त्या दिशी उठ-बस करून हिला भवंड आली, पडली. तवापासून भ्याली. म्हणती, पोटातच काय नसलं तर जावं कशाला लागंल?"

मी घराशेजारच्या पत्र्याच्या संडासाकडे बघितलं असावं, कारण म्हातारी लगेच म्हणाली, "हाय की तो. सरपण हाय त्यात. पाणी कुठलं घालावं? प्यायचंच डोक्यावर आणतो आमी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "रस्ता काय आमच्या बापाचा न्हाई, बाई. फकस्त तुमच्या मान्सांला सांगा, उन्हं वर आल्यावर या. तवर आमचं उरकतंय. लेकराला मिळंना गेलंय काही."

सांगते, म्हणाले. चहा संपवला आणि निघाले.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, 'तलावाच्या वाटेवर काटे फार झालेत, पंक्चर होतं. पहाटे जाऊ नये.' काटे! दुपारी जाण्याने काटे कमी होतात का? कुणी विचारलंही नाही. 'आपले टायर भारी आहेत मॅडम,' असं उत्तर आलं, आणि येत्या रविवारची पहाट ठरली. बँकेतल्या साहेबांनी लिहिलं, या वेळी बायकोलाही आणतो, तिला ते उठून उभं राहणं बघायचं आहे.

मग मात्र मी लिहिलं. शब्दच सापडेना. घरात, शेतात, बायकांत आम्ही या गोष्टीला दहा नावांनी बोलतो. डॉक्टर-वकिलांसमोर लिहायला त्यातलं एकही नाव माझ्या बोटांवर येईना. शेवटी पुस्तकातला शब्द घेतला. 'त्या बायका आपल्या मानासाठी उठत नाहीत. त्या शौचाला बसलेल्या असतात. पुरुष आला की त्यांना उठावं लागतं. मी लहानपणी अशीच उठलेली आहे. त्यांच्यातली एक गरोदर मुलगी आपल्या भीतीने रात्री उपाशी झोपते. ऊन वर आल्याशिवाय कृपा करून तिकडे जाऊ नका.'

सगळ्यांनी वाचलेलं दिसत होतं.  मग रविवारचा बेत मुकाट्याने दुसरीकडे वळला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आवाज पार उतरलेला. "मी नमस्कार केला हो त्यांना," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही तिथल्या तिथे का नाही सांगितलंत? मी मागून येणाऱ्यांना थांबवलं असतं."

"सुचलं नाही," मी म्हणाले.

खोटं होतं ते. सुचलं होतं. पण मग तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं, आणि त्या सगळ्या मोठ्या माणसांत मला त्या बायकांमधली एक व्हायचं नव्हतं. मला त्या बायकांची लाज वाटली होती. तेवढ्यासाठी ती पोरगी पोटातल्या लेकरासकट उपाशी निजत राहिली.