नोन्नाची मूठ

कानबाईचा सोमवार होता. चोपड्याजवळचं आमचं गाव, साल असेल पंचावन्न-छप्पन. मी ओट्यावर बसून इटलीला पाठवायचं पार्सल शिवत होतो... आणि बघता बघता कापडावर तुपाचा डाग फुटला.

आता खान्देशात इटली कुठून आली, ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात मी इटलीत फौजेच्या लॉऱ्या दुरुस्त करायचो. शाळा चौथीपर्यंतच, बाकी सगळं इंजिनांनी शिकवलं. तिकडेच लूचिया नावाच्या मुलीशी गाठ पडली. पुढे ती स्टीमरने मुंबईला उतरली आणि आम्ही रजिस्टर लग्न केलं. ना हळद, ना मांडव.

गावी मी केळीच्या मळ्यांतली ऑईल इंजिनं दुरुस्त करू लागलो, आणि घरात रोजची जत्रा सुरू झाली! एकदा लूचियाने त्यांच्याकडच्या रुंद शेवया करून खाटेवर वाळत टाकल्या, तर शेजारणी बघायला रांगेनं आल्या. एकीनं तर हळूच विचारलं, "सुरी बोथट होती का वं बाई?"

थोरली रोझा सहा वर्षांची. केस कणसाच्या केसांसारखे पिवळे आणि तोंडात चोख अहिराणी. धाकटा बाळू तीन वर्षांचा. ठेच लागली की आधी आईच्या भाषेत रडायचा, मग आमच्या भाषेत दगडाला शिव्या द्यायचा.

मला आईवडील नव्हते. घरात मोठी म्हणजे माझी चुलती, अक्का. अंगानं काडी, पण शब्द पहारीसारखा.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, रविवारी मांडायची, सोमवारी बोळवायची. तिचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, करायचे, तर गहू माणशी मोजून घेतात... घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक मूठ. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, दिल्या घरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही.

इतकी वर्षं आमच्या चौघांपैकी अक्का फक्त माझ्याच नावाची मूठ टाकायच्या. लूचियाला आणि पोरांना खीर मिळे, गंगाफळाची भाजी मिळे... रोट नाही. त्या दिवशी लूचिया भांडी जरा जोरात घासायची.

आदल्या वर्षी मात्र रोझा परातीपाशी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर स्वतःची मूठ मागितली, "अक्का, मनी मूठ कोठे शे?" अक्कांनी परात उचलून आत नेली. पण या वर्षी माझी मूठ टाकली, थांबल्या, आणि आणखी तीन मुठी टाकल्या. तेव्हा लूचिया पाणी भरायच्या निमित्तानं बाहेर गेली आणि रिकामीच घागर घेऊन परत आली.

आणि दुसऱ्याच दिवशी हा डाग!

पार्सल उसवलं. पोरांचे फोटो, लूचियाचं पत्र, आणि त्यांच्याखाली रोझाच्या जुन्या झबल्यात गुंडाळलेला अर्धा रोट. झाकायला गेलो तर मागे अक्का उभ्या.

"हाई काय शे रे नामा?"

मी बिघडलेल्या इंजिनासारखा नुसताच फुरफुरलो. दारात लूचियाचा चेहरा पांढराफटक. काल घरात घेतलेली माणसं आज बाहेर निघणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

रोझाच पुढे झाली. "नोन्नासाठे शे. मना आईनी आई. तिनी मूठ कोनीच टाकी नही." आपल्या वाट्याचा अर्धा रोट पोरीनं न खाता गुपचूप पार्सलात ठेवला होता.

अक्कांनी रोट झबल्यातून बाहेर काढला. मग म्हणाल्या, "रोट घरमाच राहास, पोरी." आणि तो तुकडा त्यांनी रोझाला समोर बसवून खायला लावला.

मला वाटलं, संपलं. पण अक्का आत गेल्या. पेटीतला हिरवा खण काढला, हळदीकुंकवाची पुडी बांधली, आणि कणगीतून मूठभर गहू काढून त्या खणात बांधून पार्सलात ठेवले. "लगीनमा राही गयं व्हतं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "विहीणनी ओटी भरानी शे."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती... आमचं लग्न घरात मान्य झालं ते त्या मिनिटाला. लूचियाला शब्द सगळे कळले नसतील, पण तिनं पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. रोझा टाळ्या पिटत ओरडली, "नोन्नानी मूठ!" बाळूला काय झालं ते कळलं नाही, म्हणून तो दोन्ही भाषांत रडला.

पुढच्या श्रावणाआधी इटलीहून नोन्नाचं पत्र आलं. म्हातारीला ओटीचं काही ठाऊक नव्हतं. कापड तिनं देवाच्या तसबिरीखाली अंथरलं होतं, आणि इतक्या लांबून आलेले गहू खायचे कसे, म्हणून घरामागच्या तुकड्यात पेरले होते. पाकिटात एक वाळलेली ओंबी होती.

मी ती अक्कांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कानबाईच्या रविवारापर्यंत देवघरात जपली. मग परातीत सगळ्यांच्या मुठी टाकून झाल्यावर ती ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला, आणि दाणे त्याच गव्हात सोडले.

आता मी नव्वदी ओलांडली. लूचिया नाही, अक्का तर कधीच गेल्या. पण दर श्रावणात आमच्या रोटांचे गहू निघतात, तेव्हा रोझा सासरहून येऊन सगळ्यात शेवटी नोन्नाचे म्हणून चार दाणे जास्तीचे टाकते... आणि मी ते पडताना बघायला खुर्ची ओढून पुढे बसतो.