पाणपोई दुपारी बंद

आमच्या सदाशिव पेठेतल्या सोसायटीच्या फाटकाशी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी नळ बसवला, तेव्हा माझी छाती चांगली फुगली होती. सेक्रेटरी मीच, त्यामुळे पाटीही मीच लिहिली. वर ठळक अक्षरात ‘स्वच्छ पाणी हा प्रत्येकाचा हक्क आहे’. त्याखाली, ‘दुपारी १ ते ४ बंद’.

आता यात हसण्यासारखं काय आहे? दुपारी माणसं झोपतात. कुणी फाटकाशी खळाखळा चुळा भरत बसलं तर झोपमोड होते. म्हणून नळाला जाळीची पेटी केली आणि पेटीला कुलूप. एक वाजला की मी स्वतः खाली जाऊन ते लावायचो.

आमचा कचरा नेणाऱ्या मावशी समोरच्या झाडाखाली बसून ओला-सुका वेगळा करतात, तोही नेमका दुपारी. एकदा म्हणाल्या, “काका, तहान काय घड्याळ बघून लागती व्हय?”

“एकच्या आत पिऊन घ्यायचं,” मी म्हणालो. “नियम म्हणजे नियम.”

दुसऱ्या दिवसापासून त्या घरून बाटली आणायला लागल्या. त्यांच्या वस्तीत पाणी पहाटे तासभरच येतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी ढिम्म हललो नाही.

मग मे महिन्यात मी आंबे आणायला मार्केट यार्डात गेलो. जाताना बायकोला बजावलं, “एकला कुलूप लाव हं!” येताना बस मिळेना, रिक्षावाले थांबेनात. आंब्याची पेटी पोटाशी धरून अर्धी वाट तुडवली. घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता आणि घशाला कोरड पडली होती. बेल बंद, बायकोचा फोन बंद. शेजाऱ्यांच्याही बेला बंद, ती शिस्त मीच लावलेली. ‘दुपारी दार वाजवू नये’ ही जिन्यातली पाटीही माझीच.

खाली आलो. नळाला कुलूप! बायकोनं आयुष्यात माझं एवढं एकच ऐकलं. जाळीतून करंगळी घालून पाहिली. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, तो मेला काही हाती लागेना.

मावशी सगळं बघत होत्या. उठून आल्या, बाटली पुढे केली. “घ्या काका. आमच्या पाण्याला दुपारची सुट्टी नसती.”

मी घटाघटा प्यायलो. बाटली रिकामी झाल्यावर लक्षात आलं की त्यांना अजून चारपर्यंत उन्हाचं इथंच बसायचंय. इतकी लाज वाटली की काय करावं सुचेना. घाईघाईनं आंब्याची पेटी उघडायला लागलो.

“आंबं नकोत,” त्या म्हणाल्या. “चारपतूर मी काय पिऊ, तेवढं सांगा.”

मी धडधड जिना चढलो आणि माझंच दार दोन्ही मुठींनी बडवायला लागलो. सगळी सोसायटी डोळे चोळत बाहेर आली. बायकोनं घाबरून विचारलं, “अहो, काय झालं?”

“किल्ली दे आधी!” मी ओरडलो.